कोलेस्टेरॉलच्या गोळीचा हृदयावर झालेला परिणाम थॅलियम स्कॅनमध्ये दिसतो का?

पंचगंगाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. उद्यमनगरात फाउंड्रीच्या कामात त्यांचे आयुष्य गेले. दीड वर्षापूर्वी छातीत दुखू लागल्यामुळे त्यांची अँजिओग्राफी झाली, हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट बसवला आणि उजव्या रक्तवाहिनीतला साधारण पन्नास टक्क्यांचा अडथळा औषधांवर ठेवायचे ठरले. तेव्हापासून ते रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम (कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी), ॲस्पिरिन आणि मेटोप्रोलॉल नियमित घेत आहेत. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५२ होते, ते आता ६४ वर आले आहे. रोज सकाळी रंकाळ्याला पूर्ण फेरी मारतात, दम लागत नाही, छातीत दुखत नाही. तांबडा-पांढरा रस्सा त्यांनी सोडलेला नाही, एवढीच काय ती घरातली तक्रार आहे.

गेल्या महिन्यात आमच्या एका पाहुण्यांनी त्यांच्या मनात भरवून दिले की रक्ताच्या तपासणीतला आकडा केवळ रक्ताचा असतो आणि गोळीने प्रत्यक्ष हृदयात काय फरक पडला हे पाहायचे असेल तर थॅलियम स्कॅनच करायला हवा. त्याच सुमारास एका तपासणी केंद्राचा अशाच अर्थाचा संदेश मोबाइलवर आला आणि वडिलांचा निश्चय पक्का झाला. आमच्या डॉक्टरांनी ‘सध्या गरज नाही’ असे सांगितले, पण ओपीडीत इतकी गर्दी होती की कारण विचारायला सवड मिळाली नाही.

या तपासणीत स्टॅटिनचा परिणाम खरोखर दिसतो का, दिसत असेल तर ती किती काळाने करावी, आणि स्कॅन चांगला आला तर गोळीचा डोस कमी करता येतो का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. वडिलांना विशेषतः या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात रस आहे. किरणोत्साराची थोडी भीतीही आहे.

गॅमाकॅमेरा यांचे उत्तर

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ आहे. औषधाविषयी सल्ला देण्याचा अधिकार मला नाही, तेव्हा यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही एवढेच लिहितो. आपल्या पाहुण्यांच्या बोलण्यात अर्धे तथ्य आहे.

या तपासणीत शिरेतून एक किरणोत्सारी द्रव्य देतात. सगळे जण तिला थॅलियमच म्हणतात, पण आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी समस्थानिक सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन या रेणूला जोडून वापरले जाते. हा रेणू रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत पोचतो आणि पेशींच्या आत अडकून राहतो. ज्या भागाला रक्त जास्त मिळते तिथे तो जास्त साठतो. त्यामुळे चित्र तासाभराने घेतले तरी त्यात दिसतो तो इंजेक्शन दिल्या क्षणीचा रक्तपुरवठा. असे दोनदा करतात, एकदा विश्रांतीत आणि एकदा ट्रेडमिलवर चालवून किंवा ॲडिनोसिनसारखे औषध देऊन. ताणाखाली फिका पडलेला आणि विश्रांतीत भरून आलेला भाग म्हणजे रक्त कमी पडणारा स्नायू, आणि दोन्ही वेळा फिकाच राहिलेला भाग बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. कोलेस्टेरॉल या चित्रात कुठेच नसते. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठलेला चरबीचा थरही नसतो.

आता गोळीच्या परिणामाकडे येतो. आपल्याकडे सर्रास होणारा स्पेक्ट प्रकारचा स्कॅन रक्तपुरवठा मोजत नाही, त्याची आपापसात तुलना करतो. हृदयाचा जो भाग सर्वांत उजळ असेल त्याला शंभर टक्के धरून बाकीचे भाग त्याच्या प्रमाणात रंगवले जातात. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला शंभर गुण देऊन इतरांचे गुण त्यावरून काढले, तर अख्खा वर्ग सुधारला किंवा अख्खा वर्ग घसरला हे गुणपत्रिकेवरून कळणार नाही, तसे हे आहे. तिन्ही रक्तवाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर स्कॅन फसवा, म्हणजे सर्वत्र एकसारखा, येऊ शकतो ही गोष्ट आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. तिची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. स्टॅटिन एका रक्तवाहिनीवर काम करत नाही, सगळ्यांवर करते, आणि सगळीकडे सारखीच सुधारणा झाली तर हे चित्र जसेच्या तसे राहील. रक्तपुरवठा मिलिलिटरमध्ये मोजायचा असेल तर पेट नावाचा वेगळ्या प्रकारचा स्कॅन लागतो. त्यासाठी लागणाऱ्या रुबिडियम-८२ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, जेमतेम ७६ सेकंद आणि अमोनियातल्या नायट्रोजन-१३ चे सुमारे १० मिनिटे असते. अमोनिया वापरायचा तर असे समस्थानिक तयार करणारे यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, जवळच असावे लागते, त्यामुळे हृदयासाठी अशी सोय मोजक्याच ठिकाणी सापडते.

किरणोत्साराविषयी सांगायचे तर टेक्नेशियमच्या दोन्ही टप्प्यांची मिळून मात्रा ढोबळमानाने १० मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे ही चारेक वर्षांची बेगमी झाली. खऱ्या थॅलियम-२०१ ची मात्रा याहून अधिक असते, कारण त्याचे अर्धायुष्य ७३ तासांचे आहे. टेक्नेशियमचे ६ तासांचे असल्याने चोवीस तासांनी सोळावा हिस्साच उरतो. कारण असेल तर घाबरण्यासारखे त्यात काही नाही, पण केवळ हौस म्हणून दरवर्षी करण्यासारखीही ही तपासणी नाही.

जाता जाता तयारीबद्दल एक सूचना. औषध देऊन ताण द्यायचा असेल तर किमान १२ तास, बऱ्याच ठिकाणी २४ तास, चहा, कॉफी आणि चॉकलेट बंद ठेवावे लागते, कारण कॅफिन ॲडिनोसिनचा परिणाम अडवते आणि सदोष हृदयही निर्दोष दिसू शकते. आपल्या भागातल्या मंडळींना ही अट सर्वांत जड जाते. सकाळी केंद्रावर आल्यावर ‘कपभरच घेतला’ असे हळूच सांगणारे पुष्कळ असतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे लागते. इंजेक्शननंतर मात्र आम्हीच दूध आणि थोडे तूप-तेलाचे खायला सांगतो, म्हणजे यकृत आणि पित्ताशयात साठलेले द्रव्य पुढे सरकते आणि हृदयाचा खालचा भाग झाकला जात नाही.

निवृत्तफिजिशियन यांचे उत्तर

वरचे उत्तर नेमके आहे. मी त्याला वैद्यकीय बाजू जोडतो.

अणुचित्रणातून, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेल्या स्कॅनमधून, स्टॅटिनचा परिणाम दिसतो का, या प्रश्नाला संशोधनाने दिलेले उत्तर होकारार्थी आहे, पण ते रुग्णांच्या गटाविषयी आहे. अमेरिकेतील के. लान्स गूल्ड यांच्या चमूने १९९४ मध्ये दाखवले की तीन महिने कोलेस्टेरॉल जोरात उतरवले तर पेट स्कॅनमधले ताणाखालचे दोष आकाराने आणि तीव्रतेने कमी होतात. रक्तवाहिनीतला अडथळा एवढ्या काळात हटत नाही. सुधारते ते रक्तवाहिनीचे अस्तर, जे गरजेच्या वेळी नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनीला सैल करते. पुढे १९९९ मध्ये फ्लुव्हास्टॅटिनवर झालेल्या एका लहान अभ्यासात उलगडलेली गोष्ट मला फार बोलकी वाटते. दोन महिन्यांनी एलडीएल उतरले होते, पण ताणाखालचा रक्तपुरवठा जागचा हलला नव्हता, आणि सहा महिन्यांनी मात्र तो वाढलेला आढळला. रक्तातला आकडा आणि हृदयातला बदल यांच्यात अंतर असते, हे आपल्या पाहुण्यांचे म्हणणे त्या अर्थाने खरे आहे.

अडथळ्याचे काय होते हेही पाहू. वडील घेतात तेच औषध दुप्पट डोसमध्ये, म्हणजे रोसुव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, दोन वर्षे देऊन रक्तवाहिनीच्या आतून अल्ट्रासाउंड केलेला एक मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तवाहिनीच्या भिंतीत थराने व्यापलेला वाटा त्यात सरासरी एका टक्क्याच्याही किंचित आतच घटला. त्याआधी १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ रुग्णांवर सिम्व्हास्टॅटिन वापरले गेले तेव्हा मृत्यूंचे प्रमाण मात्र ३० टक्क्यांनी घटले होते. आकाराने एवढासा बदल आणि फायदा एवढा मोठा, याचा उलगडा असा की बहुतेक झटके मध्यम आकाराचा, चरबीने भरलेला, पातळ आवरणाचा थर फुटल्याने येतात, आणि स्टॅटिन त्या थराला घट्ट व शांत करते. असा थर रक्ताचा प्रवाह अडवत नसेल तर थॅलियम स्कॅनमध्ये तो आधीही दिसत नाही आणि नंतरही दिसत नाही. आपल्या वडिलांच्या उजव्या रक्तवाहिनीतला पन्नास टक्क्यांचा अडथळा याच जातीचा असू शकतो. म्हणजे गोळीचे सर्वांत मोलाचे काम नेमके तिथे चालते जिथे गॅमा कॅमेऱ्याची नजर पोचत नाही.

एकट्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा तपासला तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतोच, म्हणून स्नायूच्या निदान पाच टक्के भागात फरक पडल्याशिवाय तो खरा मानत नाहीत. निव्वळ औषधे आणि औषधांसह अँजिओप्लास्टी यांची तुलना करणाऱ्या ‘करेज’ या चाचणीच्या २००८ मधील उपअभ्यासात ३१४ रुग्णांचे स्कॅन उपचारांपूर्वी आणि नंतर तपासले गेले. निव्वळ औषधांवर असलेल्यांपैकी १९ टक्के आणि अँजिओप्लास्टीही झालेल्यांपैकी ३३ टक्के रुग्णांमध्ये एवढी सुधारणा आढळली. यातले श्रेय स्टॅटिनचे किती, नाडी मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरचे किती आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रेटचे किती, हे वेगळे काढता येत नाही. वडील घेतात ते मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकरच आहे. तेवढ्यानेच नाडी मंदावून स्कॅन बरा दिसू शकतो.

स्टेंट बसवलेल्या पण त्रास नसलेल्या माणसाने ठरावीक काळाने अशी तपासणी करावी का, याची थेट परीक्षा कोरियात झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अधिक जोखमीचे १,७०६ रुग्ण होते. अर्ध्यांची वर्षभराने नेमाने ताण-तपासणी केली, उरलेल्यांची त्रास झाला तरच. दोन वर्षांच्या शेवटी मृत्यू, झटका किंवा अस्थिर छातीदुखीमुळे दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण ५.५ आणि ६.० टक्के होते, म्हणजे दखल घ्यावी असा फरक नव्हता. तपासलेल्या गटात वर्षानंतर अँजिओग्राफी आणि पुन्हा स्टेंट बसवणे तेवढे वाढले. आपले डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणाले ते या आधाराने म्हणाले असावेत.

डोस कमी करण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. स्कॅन निर्दोष आला तर तो गोळी चालू असताना आलेला असेल.

साइक्सएक्स्टेंशन यांचे उत्तर

माझ्या आईच्या बाबतीत हाच घोळ झाला, म्हणून लिहिते. तिचा पहिला स्कॅन ट्रेडमिलवर झाला होता. पुढे गुडघे दुखू लागल्यामुळे दुसरा स्कॅन वेगळ्या केंद्रात, इंजेक्शन देऊन झाला. पहिल्या वेळी नाडी मंदावणारी गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन दिवस बंद ठेवली होती, दुसऱ्या वेळी ती कोणी विचारलीच नाही. दुसऱ्या अहवालात ‘आधीच्या तुलनेत सुधारणा’ असे छापून आले आणि केंद्रातल्या समुपदेशकाने त्याचे श्रेय कोलेस्टेरॉलच्या औषधाला देऊन टाकले. आम्ही आनंदाने अहवाल घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी दोन्ही अहवालांतली एकच ओळ बोट ठेवून दाखवली. पहिल्यात ताणाचा प्रकार ट्रेडमिल लिहिला होता आणि दुसऱ्यात ॲडिनोसिन. शिवाय दुसऱ्या केंद्राकडे पहिल्या स्कॅनची मूळ चित्रे नव्हतीच, तुलना केली होती ती फक्त छापील निष्कर्षाशी. त्यांचे म्हणणे असे पडले की दुसरा अहवाल स्वतंत्रपणे चांगला आहे, पण सुधारणा झाली की नाही हे त्यावरून सांगता येणार नाही.

तेव्हा पंचगंगाकाठ, पुढेमागे तपासणी करावीच लागली तर अहवालाबरोबर चित्रांची सीडी मागून घ्या आणि शक्य तर पुढची तपासणी त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करा. गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांकडून लिहून आणा. आपल्या मनाने बीटा ब्लॉकर एकदम थांबवणे धोक्याचे असते.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना मी हे सगळे वाचून दाखवले. डोसविषयीचे उत्तर ऐकून ते गप्प झाले, पण बाकीचे पटले असे दिसते. निवृत्तफिजिशियन साहेब, एक शंका उरते. थर शांत होतो असे आपण लिहिले आहे. ती शांतता, म्हणजे थरातली सूज कमी झाल्याचे, दाखवणारा एखादा स्कॅन आहे का? आणि पाहुण्यांनी आता सीटीवरच्या कॅल्शियम स्कोअरचे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेले कॅल्शियम मोजण्याचे, टुमणे लावले आहे, त्याचे काय करावे?

निवृत्तफिजिशियन

आहे, आणि या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे. कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या पेट स्कॅनमध्ये एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर देतात. थरात जमलेल्या सूजकारक पेशी साखर हावरेपणाने उचलतात, त्यामुळे सुजलेला थर या स्कॅनमध्ये उजळतो. जपानमध्ये २००६ मध्ये सिम्व्हास्टॅटिन तीन महिने दिल्यावर हा उजेड मंदावल्याचे दिसले. २०१३ मध्ये ॲटोरव्हास्टॅटिनच्या १० आणि ८० मिलिग्रॅम डोसची तुलना झाली, तेव्हा मोठ्या डोसचा परिणाम चार आठवड्यांतच दिसू लागला होता. मात्र ही चित्रे मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांची होती. हृदयाचा स्नायू स्वतःच साखर खातो आणि त्या झगमगाटात त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक रक्तवाहिन्या हरवतात. त्यासाठी किरणोत्सारी सोडियम फ्लोराइड वापरून पाहण्याचे काम एडिंबरा येथील संशोधकांनी २०१४ मध्ये पुढे आणले, आणि झटका आलेल्या रुग्णांत फुटलेला थर त्यात बहुतेक वेळा उजळून दिसला. ही सारी साधने औषधांच्या चाचण्यांसाठी उपयोगाची आहेत. तुमच्या-आमच्या औषधोपचाराचा डोस ठरवायला ती वापरली जात नाहीत.

कॅल्शियम स्कोअर हा अणुचित्रणाचा प्रकार नाही, आणि स्टेंट बसलेल्या माणसात तो काढण्यात अर्थही नाही, कारण आजार आहे हे आधीच सिद्ध झालेले असते. शिवाय स्टॅटिनमुळे मऊ थर कठीण होत जातो तेव्हा कॅल्शियमचा आकडा वाढूही शकतो. पाहुणे तो वाढलेला आकडा पाहून गोळीलाच दोष देतील, म्हणून हे आवर्जून सांगतो.

राजारामपुरीमेडिकल यांचे उत्तर

मी औषध दुकानदार आहे, त्यामुळे स्कॅनविषयी बोलत नाही. गोळी लागू पडते आहे का हे पाहण्याचा ठरलेला मार्ग म्हणजे लिपिड प्रोफाइल. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी, आणि पुढे ३ ते १२ महिन्यांनी. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकाराचे मोठे प्रसंग सुमारे एक पंचमांशाने घटतात, हे लाखाहून अधिक लोकांच्या एकत्रित आकडेवारीतून निघालेले आहे. आपल्या वडिलांचे ८८ ने उतरले आहे. असा थेट हिशेब कोणत्याही स्कॅनमधून मिळत नाही.

पण ६४ वर समाधान मानावे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा अतिजोखमीच्या रुग्णांत ते ५५ च्या खाली असावे. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम ६ टक्क्यांनी आणखी उतरते, तर इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारे दुसरे औषध जोडल्यास सुमारे २० टक्क्यांनी. स्कॅनसाठी बाजूला काढलेल्या पैशांत ही जोडगोळी बराच काळ येईल. रोसुव्हास्टॅटिन रात्रीच घ्यावी असेही बंधन नाही. सकाळच्या गोळ्यांबरोबर घेतली तर विसरण्याचे प्रमाण कमी होते, हे मी रोज पाहतो.

गॅमाकॅमेरा

वरच्या सगळ्या चर्चेवरून असे वाटायला नको की ही तपासणी निरुपयोगी आहे. रंकाळ्याच्या फेरीत पूर्वी न लागणारा दम लागू लागला, चढावर छाती भरून आली, किंवा उजव्या रक्तवाहिनीतल्या त्या अडथळ्यामुळे खरेच रक्त कमी पडते का असा प्रश्न डॉक्टरांना पडला, तर याच स्कॅनने फार चांगले उत्तर मिळते. त्या वेळी चिठ्ठीवर ‘औषधाचा परिणाम पाहणे’ असे न लिहिता लक्षण आणि शंका नेमकी लिहून आणा, जुन्या अँजिओग्राफीची सीडी सोबत ठेवा, दमा असेल तर आधी सांगा, आणि घरात गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ असेल तर त्या दिवशी त्यांना जवळ घेऊन बसणे टाळा.

पंचगंगाकाठ

आज डॉक्टरांना भेटून आलो. स्कॅन रद्द केला आहे. इझेटिमाइब सुरू झाले असून दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करायला सांगितले आहे. पांढऱ्या रश्श्याविषयीही डॉक्टरांनी चार शब्द सुनावले, ते वडिलांनी घरी सांगितले नाहीत, मीच सांगितले.